सायकल-दुरुस्तीचा वायदा

व्यापारात मालाच्या भावाइतकेच वायद्यासही महत्त्व असते, हे आपल्या सभासद बंधूंस सांगणे न लगे. सोमवारी पोहोचता करतो म्हणून कबूल केलेला गहू गुरुवारी पोहोचला, तर माल कितीही उत्तम असला तरी गिऱ्हाईक पुढील खेपेस दुसऱ्या पेढीची पायरी चढते. तथापि आपल्या पेठेत एक धंदा असा आहे की, त्यातील वायदा मोडला जाणार हे देणारा व घेणारा असे दोघेही मनोमन धरूनच चालतात. तो धंदा म्हणजे सायकल-दुरुस्तीचा होय. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण अनेक दुकानांत पाहिली आहे. सायकलवाल्याच्या दुकानात पाटी नसली तरी ‘उद्या या’ हे शब्द तितक्याच ठरावीकपणे ऐकू येतात, आणि तो ‘उद्या’ दुसऱ्या दिवशी उजाडेलच असा भरवसा नसतो.

दोन तासांच्या कामास चार दिवस का लागतात, याचे उत्तर लोक सहसा मिस्त्रीच्या आळसात शोधतात. मी सायकलचा कारागीर नव्हे. शहापुरातील ठोक धान्याचा व्यापारी आहे. परंतु धान्याच्या गोदामाचा जो हिशेब आपण रोज करतो, तोच हिशेब सायकलच्या दुकानास लावून पाहिला असता हे कोडे बरेचसे सुटते, आणि दोष आळसाचा क्वचितच असतो असे दिसून येते. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

कोणी म्हणेल, आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात मोटार अथवा स्कूटर आहे. मग सायकलीची एवढी चिंता कशाला? चिंता अशासाठी की, सायकल ही आता ज्यांचे तिच्यावाचून चालतच नाही अशांची राहिली आहे. आपल्या गोदामावरील हमाल, रात्रीचा राखणदार, येळ्ळूर-धामण्याहून पेठेत कामास येणारा नोकर, वडगाव-खासबागेत मागावर जाणारा कारागीर, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, आणि शाळा दूर असलेली विद्यार्थिनी ही आजची सायकलची गिऱ्हाइके होत. मालकाची मोटार दुरुस्तीस गेली तर तो दुसऱ्या वाहनाने येतो. हमालाची सायकल चार दिवस अडकली तर तो चार दिवस पायी येतो, नाही तर मजुरीतील पैसे रिक्षास देतो. वायदा मोडल्याची नुकसानभरपाई आपल्या धंद्यात मोडणारा देतो. येथे ती सर्वांत गरीब माणूस देतो. म्हणून हा विषय व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत यावयास हरकत नसावी.

या धंद्याचे आपल्या गावाशी नाते

सायकलचा धंदा आपल्याकडे परका नाही. किंबहुना महाराष्ट्राच्या एका थोर उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलच्या दुकानात झाला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. त्यांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, असा क्रम १८८८ च्या सुमारास सुरू झाला. सायकल हे वाहन त्या वेळी इतके नवे होते की, ते चालविण्यास शिकविणे हाही दुकानाच्या कामाचाच भाग होता. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावास आले, लोखंडी नांगर करू लागले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. बेळगावातील किर्लोस्कर रोड त्या दिवसांची आठवण देत आजही आहे.

त्या काळी बेळगाव इंग्रजी अमलात, तर आपले शहापूर सांगली संस्थानात होते. राज्ये दोन असली तरी बाजार एकमेकांस लागून होते. सायकली प्रथम श्रीमंतांच्या व अंमलदारांच्या दारी आल्या. विलायती माल असल्यामुळे त्यांचे सुटे भागही समुद्रापलीकडून येत. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. मद्रासेकडे टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनपत येथे ॲटलास १९५१ मध्ये, आणि लुधियान्यास हिरो सायकल्स १९५६ मध्ये निघाली. सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली, आणि तिच्यामागोमाग गल्लोगल्ली दुरुस्तीची दुकाने झाली.

त्या दुकानांची एक रीत येथे मुद्दाम नमूद करतो. बहुतेक दुकानदार तासाच्या भाड्यानेही सायकली देत. ओळखीच्या गिऱ्हाइकाची सायकल उघडून ठेवली असेल तर मिस्त्री भाड्याच्या सायकलींपैकी एखादी त्यास तेवढ्यापुरती देई. वायदा तेव्हाही लांबत असे. परंतु माणूस अडत नसे. भाड्याच्या सायकली बंद झाल्या, आणि त्यांच्याबरोबर ही सोयही गेली. तेवढाच विलंब आज अधिक बोचतो, त्याचे हे एक कारण आहे.

कामाचा वेळ

प्रथम प्रत्यक्ष कामास किती वेळ लागतो ते पाहू. ब्रेकचे रबर बदलणे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. पंक्चर काढण्यास वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. टायर उतरवून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवायची, बुडबुडे येतील ते भोक शोधायचे, कानशीने तेवढी जागा खरखरीत करायची, सोल्यूशन लावायचे, आणि ते सुकू द्यायचे. हे सुकू देणे महत्त्वाचे आहे. गिऱ्हाईक डोक्यावर उभे आहे म्हणून ओल्या सोल्यूशनवरच ठिगळ दाबले, तर ते दोन दिवसांत सुटते. म्हणजे घाईने वाचविलेली पाच मिनिटे पुढे आणखी अर्ध्या तासाचे काम घेऊन परत येतात.

चाकाचा आऊट काढणे हे नजरेचे व हाताचे काम आहे. जुन्या अठ्ठावीस इंची सायकलीच्या पुढील चाकास ३२ व मागील चाकास ४० तारा असत. त्यांतील कोणती आवळायची व कोणती सैल करायची, हे रिम फिरवून फिरवून ठरवावे लागते. चांगला मिस्त्री हे अर्ध्या तासात करतो. रिम वाकली असेल तर तास जातो.

सर्वांत मोठे काम म्हणजे ज्यास आपण ‘ओव्हरऑईल’ म्हणतो ते. त्यात दोन्ही हब, पॅडलखालील ॲक्सल व हँडलची वाटी उघडावी लागते. छर्रे काढून धुवायचे, झिजलेले बदलायचे, कोन व कप तपासायचे, नवे ग्रीस भरून सर्व पुन्हा असे बसवायचे की चाक डुलू नये व जडही फिरू नये. चेन काढून धुवायची, फ्रीव्हील स्वच्छ करायचे. एकट्या माणसास यास तीन-चार तास लागतात. गंजलेले नट असतील तर त्यांवर तेल सोडून ते रात्रभर तसेच ठेवावे लागतात. जोर केला तर आटे जातात.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, सर्वांत मोठे कामही मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसाहून अधिक नाही. दुसरी म्हणजे, सोल्यूशन सुकणे वा गंज सुटणे यांसारखा थोडा काळ कामाच्या अंगीच असतो. तो कमी करू पाहणारा कामच बिघडवितो. परंतु एवढे सारे जमेस धरूनही चार दिवसांचा हिशेब लागत नाही. मग उरलेला काळ जातो कोठे?

वाटेचा वेळ

तो वाट पाहण्यात जातो. सायकल दुकानात असते, परंतु मिस्त्रीच्या हातात नसते. भिंतीस टेकून उभी असते.

आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. गोदामात ज्वारीची ३०० पोती आहेत आणि रोजचा उठाव ५० पोत्यांचा आहे. आज आत आलेले पोते, क्रमाने माल उचलल्यास, किती दिवसांनी बाहेर पडेल? ३०० भागिले ५०, म्हणजे ६ दिवसांनी. हे सांगण्यास कोणा व्यापाऱ्यास कागदही लागत नाही. सायकलच्या दुकानास हाच भागाकार लागू आहे. दुकानात दुरुस्तीसाठी २० सायकली उभ्या आहेत आणि रोज सरासरी ५ सायकली पुऱ्या होऊन जातात, तर आज टाकलेली सायकल सरासरीने ४ दिवसांनी मिळेल. मिस्त्रीने तोंडाने ‘उद्या’ म्हटले तरी भिंतीस टेकलेल्या सायकली ‘चार दिवस’ असेच सांगत असतात. हा नियम इतका साधा असूनही त्याची काटेकोर सिद्धता अमेरिकेतील जॉन लिटल या विद्वानाने १९६१ साली दिली, आणि शास्त्रात तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपले पूर्वज गोदामात तो फार पूर्वीपासून चालवीत आले आहेत.

येथे एक शंका येईल. मिस्त्री रोज जेवढे काम येते तेवढे संपवीत असेल, तर सायकली साचतातच कशा? याचे उत्तर असे की, कामे घड्याळाच्या ठोक्याने येत नाहीत. एके सकाळी कोणीच फिरकत नाही, तर दुसऱ्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच चौघे उभे असतात. कोणाचे काम दहा मिनिटांचे, तर कोणाचे चार तासांचे. रिकामी गेलेली सकाळ मिस्त्रीस साठवून ठेवता येत नाही. साचलेली गर्दी मात्र आपोआप साठते.

हा प्रश्न कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ पासून अभ्यासिला. टेलिफोनच्या तारा थोड्या व बोलणारे पुष्कळ, अशा स्थितीत वाट किती पाहावी लागेल हा त्याचा विषय होता. परंतु त्या विचारसरणीतून निघालेले गणित मिस्त्रीसही लागू पडते. समजा, एकटा मिस्त्री आठ तास काम करतो, आणि एकेक काम सरासरीने एका तासाचे, कमीजास्त आहे. दिवसास चार तासांचे काम येत असेल, तर प्रत्येक सायकलीस आपली पाळी येण्यास सरासरी एक तास थांबावे लागते. सहा तासांचे काम येऊ लागले की हे थांबणे तीन तासांवर जाते. सात तासांचे येऊ लागले की ते सात तासांवर, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसावर जाते. आणि आठ तासांत आठही तासांचे काम येऊ लागले, तर रांग वाढतच राहते. काम सहावरून सातावर गेले, म्हणजे सहावा हिस्सा वाढले. वाट मात्र दुपटीहून अधिक झाली.

तात्पर्य, जो मिस्त्री कधीच मोकळा बसलेला दिसत नाही, त्याच्याकडेच वायदा मोडतो. दुपारी तासभर स्टुलावर बसून चहा पिणारा मिस्त्री पाहून आपणांस तो आळशी वाटतो. खरे पाहता तो मोकळा तास हेच त्याच्या वायद्याचे भांडवल असते. आपणही गोदाम छतापर्यंत भरून ठेवीत नाही. माल हलविण्यास वाट ठेवतोच.

जून महिन्याची गर्दी

आता आपल्या भागातील ऋतूचा विचार करू. बेळगावास वर्षाकाठी सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरात. शाळाही त्याच सुमारास उघडतात. उन्हाळाभर अंगणात पडलेली सायकल शाळेच्या आदल्या दिवशी आठवते. तिची हवा गेलेली असते, ट्यूब चिकटलेली असते, ब्रेक धरत नाही. त्याच वेळी कामगारांच्या सायकलींत पावसाचे पाणी व चिखल शिरू लागतो. असे सर्व ओझे दोन-तीन आठवड्यांत एकदम येऊन पडते.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, एरवी रोज सहा तासांचे काम येते व मिस्त्री आठ तास करू शकतो. शाळा उघडल्यावर पंधरा दिवस रोज दहा तासांचे काम येऊ लागले. दररोज दोन तासांचे काम मागे राहील, आणि पंधरा दिवसांच्या शेवटी तीस तासांचे, म्हणजे जवळजवळ चार दिवसांचे काम साचेल. त्यानंतर गर्दी ओसरून पुन्हा सहा तासांचे काम येऊ लागले, तरी साचलेले काम लगेच फिटत नाही. रोज दोनच तास मोकळे. तीस तास फेडण्यास आणखी पंधरा दिवस लागतील. म्हणजे ओझे पंधरवडाभर पडले, परंतु वायदे महिनाभर मोडत राहिले. जुलैच्या आरंभी दुकानात जाणाऱ्यास गर्दी दिसत नाही, म्हणून तो रागावतो. तो पाहत असतो ती मागील महिन्याची थकबाकी होय. कर्जाचे मुद्दल फेडणे किती सावकाश होते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हे नवल वाटू नये.

सुटे भाग

वाटेचा दुसरा मोठा भाग सुट्या भागांचा आहे. पूर्वीची काळी अठ्ठावीस इंची सायकल कोणत्याही कंपनीची असो, तिचे छर्रे, तारा, ब्रेकची रबरे, चेन, टायर ही सर्व जवळजवळ एकाच मापाची असत. मिस्त्रीने दहा-बारा जिनसा थोड्या थोड्या ठेवल्या की त्याचे दुकान पूर्ण असे. ॲटलासचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. तरी जुनी ॲटलास सायकल अद्याप दुरुस्त होऊ शकते, ती या एकसारखेपणामुळेच. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांस सायकली देण्याची योजना चालविली, आणि कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा ती खंडित झाली. त्या सायकलींविषयी तक्रारी काही असोत. त्या एकाच घडणीच्या असल्यामुळे खेड्यातल्या मिस्त्रीसही त्यांचे भाग ठेवणे परवडत होते.

आज मुलांच्या सायकली वीस, चोवीस, सव्वीस, सत्तावीस इंची अशा अनेक मापांच्या आहेत. कोणास गिअर, कोणास डिस्क-ब्रेक, कोणास स्प्रिंगचा फोर्क. तारांच्या लांबीही निरनिराळ्या. लहान दुकानदाराने हे सर्व ठेवायचे म्हटले, तर त्याचे सारे भांडवल फळीवर झोपून राहील. म्हणून तो भाग लागेल तेव्हाच मागवितो. देशातील सायकलच्या सुट्या भागांची मोठी पेठ लुधियाना, म्हणजे आपल्यापासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. गावातील ठोक व्यापाऱ्याकडे भाग असला तर तासाभराचे काम; नसला तर त्याच्या पुढील मालाची वाट. तोपर्यंत ती सायकल उघडलेल्या स्थितीत जागा अडवून राहते, मिस्त्री दुसरी उघडतो, तिचाही एखादा भाग अडतो, आणि दुकानात अर्ध्या झालेल्या सायकलींचा ढीग होतो.

म्हणून जाणत्या मिस्त्रीची एक खूण अशी की, तो सायकल ठेवून घेण्यापूर्वीच ती स्टँडवर लावून चाक फिरवून पाहतो, पॅडल हलवून पाहतो, व कोणता भाग लागेल ते तेथल्या तेथे सांगतो. भाग नसेल तर ‘भाग आल्यावर सायकल आणा, तोपर्यंत चालवा’ असे सांगतो. पाच मिनिटांच्या या तपासणीने गिऱ्हाइकाचे तीन दिवस वाचतात. माल न पाहता सौदा करू नये, हे तत्त्व येथेही खरे आहे.

लहान काम आधी की मोठे?

कामाचा क्रम कसा असावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. सकाळी तीन सायकली एकदम आल्या. पहिलीचे ओव्हरऑईल, चार तासांचे. दुसरीच्या चाकाचा आऊट, एका तासाचा. तिसरीचे ब्रेक-रबर, पाव तासाचे. मिस्त्रीने याच क्रमाने काम केले तर तिघे अनुक्रमे चार, पाच व सव्वापाच तासांनी मोकळे होतील. तिघांचे मिळून सव्वाचौदा तास जातील. उलट क्रमाने केले तर ते पाव तास, सव्वा तास व सव्वापाच तासांनी मोकळे होतील. मिळून पावणेसात तास. मिस्त्रीचे श्रम दोन्ही वेळा सव्वापाच तासांचेच; परंतु लोकांचा वेळ निम्म्याहून कमी गेला. मोठ्या कामाच्या मालकास अवघा सव्वा तास अधिक लागला, आणि तो तर सायकल ठेवून गेलेलाच होता.

परंतु हा नियम आंधळेपणाने चालविला, तर दिवसभर पंक्चरवालेच येत राहतात व ओव्हरऑईलची सायकल आठवडाभर कोपऱ्यात राहते. चार दिवसांचे आठ दिवस होतात ते बहुधा असे. यावर तोड अशी की, सकाळचे पहिले दोन तास मोठ्या कामासाठीच राखावेत व नंतर लहान कामांस बसावे. तसेच एक सायकल उघडली व तिचे भाग हाती असले, तर ती मिटविल्याशिवाय दुसरी मोठी उघडू नये. चार सायकली उघडून चौघांस थोडेथोडे खूष ठेवणारा मिस्त्री शेवटी चौघांसही संध्याकाळीच मोकळे करतो. एकामागून एक केल्या असत्या तर निदान तिघे लवकर घरी गेले असते.

आपला वाटा

इतका वेळ मिस्त्रीकडे पाहिले. आता गिऱ्हाइकाकडे, विशेषतः व्यापारी गिऱ्हाइकाकडे पाहू.

मिस्त्री सुटे भाग बहुधा रोखीने आणतो. पेढीची सायकल दुरुस्त होते, आणि तिचा पैसा महिनाअखेर, कधी त्याहूनही उशिरा, पोहोचतो. रोख देणाऱ्याचे काम तो आधी करतो, त्यात नवल काय? आपण उधारीवर माल घेणाऱ्यास कोणता भाव लावतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. शिवाय दुरुस्त झालेली सायकल आठ-आठ दिवस न नेणे हाही एक प्रकार आहे. ती दुकानाची जागा अडविते, मिस्त्रीचे पैसे अडविते, आणि पावसात पुन्हा गंजू लागते. ‘माझी जरा आधी करा’ असा निरोप पाठविणे हेही आपणांस सहज वाटते; परंतु रांगेत पुढे शिरलेल्या प्रत्येक सायकलीमागे कोणाची तरी सायकल मागे जाते, आणि ती बहुधा निरोप पाठविण्याइतकी ज्याची पत नाही अशाची असते.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. सर्व अल्प खर्चाच्या आहेत.

पहिली : मुलांच्या व नोकरांच्या सायकली एप्रिल-मे महिन्यांतच दुरुस्तीस द्याव्या. त्या वेळी मिस्त्री मोकळा असतो. पेठेतील शंभर सायकली जूनऐवजी मेमध्ये गेल्या, तर जूनमध्ये उरलेल्यांचाही वायदा पाळला जाईल.

दुसरी : सायकल देताना चिठ्ठी करून घ्यावी. तीत काम कोणते, अंदाजे रक्कम किती व वार कोणता, एवढे तीन शब्द पुरेत. वार विचारताना भिंतीस टेकलेल्या सायकली मोजून पाहाव्या व अशक्य वायदा मागू नये. ‘शनिवारी’ असे खरे उत्तर ‘उद्या’ या गोड उत्तराहून मोलाचे असते. कारण शनिवार ठाऊक असलेला हमाल आपली दुसरी सोय पाहू शकतो, आणि ‘उद्या’वर विसंबलेला रोज एक फुकट खेप घालतो.

तिसरी : काम होताच पैसे द्यावे व सायकल न्यावी.

चौथी : ज्या पेढीवर पाच-सहा माणसे सायकलने येतात, तेथे एक चालती सायकल राखीव ठेवावी. ज्याची दुरुस्तीस गेली असेल त्याने ती तेवढे दिवस वापरावी. भाड्याच्या सायकलींबरोबर गेलेली जुनी सोय यायोगे परत येईल. आपल्या संघाने अशा दोन-चार सायकली ठेवल्या तर लहान पेढ्यांच्या नोकरांचीही अडचण भागेल.

पाचवी : आठवड्यातून एकदा चाकांत पुरेशी हवा भरणे, चेनीस तेलाचे थेंब सोडणे व पावसात भिजलेली सायकल पुसून आडोशास ठेवणे, हे घरीच करावे. कमी हवेवर ओझे वाहिले की टायर बाजूने फाटतो व रिम वाकते. जी सायकल दुकानात जातच नाही, तिच्या वायद्याचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या धंद्यातील जुने हात थकत चालले आहेत, आणि त्यांची मुले दुचाकी मोटारींच्या कामाकडे अथवा नोकरीकडे वळत आहेत. एखाद्या गल्लीतील दुकान बंद झाले की त्याचे काम शेजारच्या दुकानावर पडते, आणि आपण वर पाहिलेच आहे की सहा तासांच्या कामाचे सात तास झाले तर वाट दुपटीहून अधिक वाढते. म्हणजे दुकाने थोडीच कमी होतात, परंतु विलंब फार वाढतो; विलंब वाढला की लोक कंटाळून सायकल अडगळीत टाकतात; आणि मग उरलेले दुकानही चालेनासे होते. ज्यांस स्कूटर परवडते त्यांचे यात काही जात नाही. ज्यांस परवडत नाही त्यांची मात्र कामाची वाट लांब होते.

भाव कमी करून घेण्यासाठी आपण मिस्त्रीशी घासाघीस करतो. ती व्यापाऱ्याची सवयच आहे. त्याऐवजी योग्य दाम, रोख दाम व थोडा सवडीचा वायदा त्यास द्यावा, आणि त्या बदल्यात वायदा पाळण्याचा आग्रह धरावा. पेठेत ज्याप्रमाणे शब्दावर हजारोंचे सौदे होतात, त्याप्रमाणे सायकलच्या दुकानातील ‘शनिवारी या’ या शब्दासही किंमत येईल. ती यावी, आणि शनिवारी संध्याकाळी प्रत्येक हमाल आपल्या सायकलीवर बसून घरी जावा, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.